शिरेमागची पट्टी

घरातलं शेंडेफळ पन्नाशीला टेकलं तरी शेंडेफळच राहतं. सत्तेचाळीस वर्षांची, केसांना रंग लावणारी, हाताखाली सहा माणसं वागवणारी ही रेडिओलॉजिस्ट बाई. पण थोरल्या भावानं ‘धाकटे’ म्हणून हाक मारली की संपलं. भाऊ म्हणे, वहिनी म्हणे, पुढे पुढे हॉस्पिटलातली जुनी माणसंही पाठीमागे तसंच म्हणायला लागली. तेव्हा आपणही धाकटीच म्हणू. वाईट वाटून घ्यायला तिच्याकडे त्या आठवड्यात याहून मोठं कारण होतं.

धाकटीचं काम अंधाऱ्या खोलीत चाले. खोलीला खिडकी नव्हती. दारावर ‘कृपया दार लावा’ अशी पाटी होती, ती नीट वाचून लोक दार उघडं टाकून जात. आत दोन मोठे पडदे, एक खुर्ची आणि पाठीला लावायची उशी. सीटी स्कॅन म्हणजे पाव कापावा तसे माणसाच्या पोटाचे पातळ काप. ते माउसच्या चाकानं वर-खाली सरकवत बघायचे आणि दिसेल ते लिहायचं. बावीस वर्षं ती हेच करत होती आणि चांगलं करत होती. हे आधीच सांगायला हवं, नाहीतर पुढचं ऐकून कुणी म्हणेल, बाई कामचुकार होती. कामचुकार असती तर हे घडलंच नसतं, कारण तिचं लिहिलेलं कुणी डोळे झाकून मानलंच नसतं.

गेलं वर्षभर तिनं एक जादा काम अंगावर घेतलं होतं. तिला शिकवणारे सर निवृत्त झाले होते. घरी बसणं त्यांना जमत नव्हतं आणि त्यांचं घरी बसणं त्यांच्या बायकोला जमत नव्हतं. म्हणून ते रोज दहाच्या ठोक्याला हॉस्पिटलात येऊन धाकटीच्या शेजारच्या खोलीत बसत. त्यांच्या डोक्यात एक जुना किडा होता. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असतं, जिभेसारखं लांबट, लुसलुशीत. त्याच्या मागून एक जाड शीर यकृताकडे चढते. बहुतेकांचं स्वादुपिंड त्या शिरेच्या पुढूनच जातं. पण एखाद्याच्या पोटात त्याची एक पट्टी शिरेच्या मागूनही वळते आणि पुढच्या भागाला जाऊन मिळते. बोट अंगठीत असावं तशी ती शीर मग स्वादुपिंडाच्या कड्यात असते. माणूस ते कडं घेऊन जन्मतो, लग्न करतो, म्हातारा होतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. पुस्तकं म्हणत, हे फार दुर्मीळ.

“दुर्मीळ कसलं डोंबलाचं!” सर म्हणत. “बघणारे दुर्मीळ.”

म्हणून दोघांनी मोजायला घेतलं. बाराशे जुने स्कॅन काढले, नावं पुसली, फक्त नंबर ठेवले. दोघांनी वेगवेगळं बघायचं, एकमेकांना विचारायचं नाही, आणि शेवटी याद्या समोरासमोर ठेवायच्या. कुठल्या नंबरामागे कोण माणूस ती यादी पाकिटात बंद करून धाकटीच्या खणात ठेवली होती. मंगळवारी सकाळपर्यंत धाकटीला तेवीस कडी सापडली होती. सरांचा किडा खरा ठरत होता.

मंगळवारी अकराच्या सुमारास अकराशे सतरावा स्कॅन उघडला. चाक फिरवलं आणि शिरेच्या मागे ती पट्टी दिसली. स्वच्छ, सलग, शंकेला जागा नाही. धाकटीनं खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली. चोविसावं! त्या टाळीची नंतर तिला इतकी लाज वाटली की हात कुठे ठेवावेत हे कळेना.

कारण चाक तसंच आणखी खाली गेलं. स्वादुपिंडाच्या डोक्यात एक गाठ होती. आणि डाव्या मूत्रपिंडावर पाण्याच्या दोन पिशव्या, एकीला एक चिकटलेल्या, आठाच्या आकड्यासारख्या. माणसं चेहरे विसरत नाहीत, धाकटीच्या जातीची माणसं पोटं विसरत नाहीत. हा आठाचा आकडा तिनं स्वतः मोजला होता, तीन वर्षांपूर्वी. तिनं खण उघडला, पाकीट फाडलं आणि नंबरावरून बोट आडवं नेलं. अकराशे सतरा म्हणजे पेंटर.

पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. काविळीनं पिवळाधमक होऊन आला होता आणि स्कॅनच्या टेबलावर चढताना म्हणाला होता, “मॅडम, जन्मभर रंग विकत घेतला, हा एक फुकट मिळाला.” गाठ लहान होती, वेळेत सापडली होती, काढली की माणूस वाचणार होता. ऑपरेशन केलं धाकटीच्या दादानं. या भागात स्वादुपिंडाला हात घालणारा तो एकटाच सर्जन होता, आणि त्याच्या हाताची कीर्ती अशी की इतर डॉक्टरही आपल्या आईबापांना त्याच्याकडेच आणत. सात तास ऑपरेशन चाललं. पाचव्या दिवशी पेंटरला ताप भरला, पोटात गळती निघाली. स्वादुपिंडाचा रस मांस पचवायलाच असतो, तो मोकळा सुटला की पोट स्वतःलाच पचवायला लागतं. एकोणिसाव्या दिवशी पेंटर गेला.

हॉस्पिटलच्या मीटिंगमध्ये दादा उभा राहिला आणि म्हणाला, “माझा टाका सुटला. हात चुकला.” आणि बसला. त्यानंतर त्यानं स्वादुपिंडाचं ऑपरेशन केलं नाही. आधी म्हणाला, जरा थांबतो. मग फक्त हर्निया आणि अपेंडिक्स. मग आपला हात थरथरतो की काय म्हणून मेंदूच्या डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आला. त्यांनी हात ठणठणीत आहे म्हणून सांगितलं तेव्हा त्याला आनंद व्हायच्या ऐवजी वाईटच वाटलं. येत्या सोमवारी तो सर्जनची जागा सोडून कचेरीतल्या खुर्चीवर जाणार होता. रजांचे अर्ज, खाटांची संख्या, सह्या.

धाकटीनं आपला तीन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट उघडला. गाठीबद्दल तिनं सुरेख लिहिलं होतं. माप, जागा, शेजारच्या शिरांपासून किती अंतर. आणि त्याखाली एक ओळ होती: ‘स्वादुपिंडाची बाकी ठेवण नेहमीप्रमाणे.’

ही ओळ तिनं लिहिलीच नव्हती. रिपोर्ट लिहायच्या प्रोग्राममध्ये एक बटण असतं. ते दाबलं की पोटातल्या प्रत्येक अवयवासाठी एकेक तयार वाक्य पडतं, सगळं नेहमीप्रमाणे, सगळं ठीकठाक. मग जिथे बिघाड दिसेल तिथलं वाक्य खोडून खरं लिहायचं. दिवसाला साठ रिपोर्ट काढणाऱ्या माणसाला हे बटण म्हणजे देवाचा आशीर्वाद वाटतो. पण त्यात एक गोम आहे. जे बघितलं ते माणूस लिहितो, आणि जे बघितलं नाही ते बटण लिहितं. गाठ सापडली तशी तिची नजर समाधानानं सुस्तावली होती. कड्याबद्दलची साक्ष बटणानं दिली होती आणि खाली सही धाकटीची होती.

आधीच कळलं असतं तर दादानं चार बोटं पलीकडे कापलं असतं, किंवा कापलेली दोन्ही तोंडं शिवली असती, शिरेच्या पुढचं आणि मागचं. न कळल्यामुळे पुढचं तोंड शिवलं गेलं आणि शिरेमागचं उघडं राहिलं. टाका सुटलाच नव्हता. जिथून गळलं तिथे टाका घातलाच नव्हता.

एवढ्यावर भागलं असतं तरी धाकटीनं मनाची समजूत घातली असती. हे कडं भल्याभल्यांना दिसत नाही, सर तेच तर सिद्ध करत होते. पण एक फोन होता. ऑपरेशन अर्ध्यावर असताना दादानं नर्सकरवी तिला फोन लावला होता. ती दुसऱ्या एका बाईची सोनोग्राफी करत होती, हाताला जेल, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरलेला. “धाकटे, शिरेच्या मागे काहीतरी चिवट लागतंय. स्कॅनमध्ये आहे का बघ ना काही.” स्कॅन शेजारच्या खोलीत होता, वीस पावलांवर. हात पुसून जायला दोन मिनिटं लागली असती. आणि ती म्हणाली होती, “नाही रे दादा, सूज असेल. मी बघितलाय ना स्कॅन.”

मी बघितलाय ना. हे मात्र बटणानं म्हटलं नव्हतं.

मोजणीला नियम होते, सरांनी स्वतः घालून दिलेले. सातवा नियम असा: गाठीमुळे मूळ ठेवण कळत नसेल तर तो स्कॅन वगळावा. धाकटीनं अकराशे सतराव्यापुढे लिहिलं, ‘गाठीमुळे ठेवण अस्पष्ट. वगळला.’ पाकीट चिकटपट्टीनं बंद करून खणात टाकलं आणि अकराशे अठरावा उघडला. मांजर डोळे मिटून दूध पितं ते असं.

बुधवारी संध्याकाळी ती ठरल्याप्रमाणे दादाकडे जेवायला गेली. न जावं तर वहिनी दहा प्रश्न विचारणार. वहिनीनं ताटं मांडता मांडता सांगितलं, “सोमवारपासून बघा, पाचला घरी येणार आहेत. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हा माणूस दिवसाउजेडी कसा दिसतो ते आता कळेल.” दादा हसला. हसताना त्यानं उजवा हात टेबलाखाली घेतला. तीन वर्षं तो हात असाच टेबलाखाली असायचा, घरात आणलेल्या पण ओळख करून द्यायची लाज वाटणाऱ्या पाहुण्यासारखा.

“तुझी मोजणी कुठवर आली गं?” त्यानं विचारलं.

“होत आली.”

“किती सापडले?”

“तेवीस,” धाकटी म्हणाली.

“बाप रे. एवढे असतात?” तो म्हणाला आणि वाटी तिच्याकडे सरकवली. “घे, तुला आवडतं म्हणून तिनं मुद्दाम केलंय.”

तिनं घेतलं. खाल्लंसुद्धा. गेली तीन वर्षं ती याच टेबलाशी बसून त्याची समजूत काढत होती. दादा, मनाला लावून घेऊ नकोस. दादा, हजारात एखाद्याचं असं होतंच. किती मोठ्या मनानं म्हणायची ती! आता ते सगळं आठवून तिच्या कानशिलांपर्यंत आग होत होती. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण तिनं वाटी रिकामी केली आणि शब्द मात्र काढला नाही. गुरुवारी ती आजारी आहे म्हणून घरी राहिली. शुक्रवारी कामावर आली आणि तयार वाक्यांचं बटण तिनं एकदाही दाबलं नाही. एकेक वाक्य हातानं टाइप केलं. साठाच्या जागी एकवीस रिपोर्ट झाले आणि सगळ्या वॉर्डांनी फोन करून तिला भंडावून सोडलं. त्यानं पेंटरला काय उपयोग होता, हे तिलाही सांगता आलं नसतं.

शनिवारी दुपारी सर आपली यादी घेऊन आले. पट्टी लावून ओळ न् ओळ जुळवायची त्यांची पद्धत. तेवीसच्या तेवीस जुळले. मग त्यांची पट्टी थांबली.

“अकराशे सतरा वगळलात?”

“गाठ आहे, सर. ठेवण नीट कळत नाही.”

सरांनी चष्मा कपाळावर चढवला, स्कॅन उघडला, चाक फिरवलं. “बाई, गाठ डोक्यात आहे. पट्टी स्वादुपिंडाच्या मानेच्या मागे आहे. एखाद्याच्या डोक्याला फोड आला म्हणून त्याची मान मोजायची नाही, हा कुठला न्याय? तुम्हाला दिसली नाही का?”

इथे ‘नाही दिसली’ म्हणायची सोय होती. दिसली नाही हे काही पाप नाही, थकलेल्या डोळ्यांना चालतं. झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती.

“दिसली,” धाकटी म्हणाली.

सर तिच्याकडे बघत राहिले. ते काही बावळट नव्हते. त्यांनी कोण, कधी, काय, एक शब्द विचारला नाही. फक्त म्हणाले, “मग लिहा. आपण काय बघितलं ते लिहायचं. बाकीचं आपल्या हातात नसतं.” आणि वहीत आकडा करून, हळू आवाजात, कारण आनंद लपवायचा त्यांचा प्रयत्न साफ फसत होता, पुटपुटले, “बाराशेत चोवीस. पन्नासात एक! आणि म्हणे दुर्मीळ.”

पन्नासात एक. धाकटीनं मनातल्या मनात हिशेब केला नाही तरी तो होतच गेला. तिनं रोज साठ पोटं बघितली होती. म्हणजे बावीस वर्षं, रोज एक तरी कडं तिच्या पडद्यावरून सरकत गेलं होतं. पुस्तकं लिहिणाऱ्यांना सापडलं नाही ते तिला कसं सापडावं, असं म्हणून सुटता आलं असतं. पण पेंटरच्या बाबतीत तिला विचारलं होतं. नाव घेऊन, जागा दाखवून विचारलं होतं.

सर गेल्यावर तिनं पेंटरच्या जुन्या रिपोर्टला पुरवणी जोडली. ‘फेरतपासणीत शिरेमागे स्वादुपिंडाची पट्टी दिसते. मूळ रिपोर्टात नोंद राहून गेली.’ तीच दोन वाक्यं पत्रात घालून हॉस्पिटलच्या प्रमुखांच्या टेबलावर ठेवली. मग रविवारी सकाळी लॅपटॉप काखेत मारून ती दादाकडे गेली.

दादा जमिनीवर बसून जुनी मासिकं खोक्यात भरत होता. सर्जरीची, वीस वर्षांची. वहिनी बाजारात गेली होती. धाकटीनं लॅपटॉप त्याच्या पुढ्यात ठेवला, माउस जोडला आणि स्कॅन उघडला. प्रस्तावना तिनं रस्ताभर घोकली होती, ती ऐनवेळी जागच्या जागी विरून गेली.

दादानं चाक फिरवलं. वर. खाली. पुन्हा वर. त्याचा हात थरथरत वगैरे काही नव्हता.

“पेंटर आहे हा,” तो म्हणाला.

“हो.”

“ही पट्टी मी कापली. सूज म्हणून विजेच्या सुरीनं जाळत पुढे गेलो.” त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. “इथे. हे तोंड उघडं राहिलं माझं.”

“तुझं नाही राहिलं, दादा. मी लिहिलं नव्हतं. तुझा टाका सुटला नव्हता, तुझा हात चुकला नव्हता. चूक माझी होती. काल मी पुरवणी जोडली आणि वर पत्रही दिलं. सगळं लिहून दिलंय.”

दादानं पट्टीचे काप पुन्हा एकदा सरकवले. मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, “आणि फोन?”

धाकटी खोक्यातल्या मासिकांकडे बघू लागली.

“फोनचं लिहिलंस?”

“नाही.”

“वाटलंच मला.”

“तू तरी मीटिंगमध्ये कुठे सांगितलंस?” हे तिच्या तोंडून निघालं आणि निघताच तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

“तुला वाचवायला म्हणून गप्प बसलो नाही मी,” दादा म्हणाला. त्याचा आवाज आता चढला होता. “पोटात हात माझा, डोळे माझे, आणि बोट दाखवायचं फोनवरच्या बहिणीकडे? मला ती पळवाट वाटली, लाज वाटली स्वतःची. म्हटलं, धाकटी बघितल्याशिवाय बोलणार नाही. एवढी एक गोष्ट मी धरून चाललो होतो! तो स्कॅन मी परत उघडलासुद्धा नाही, कळलं का? तू बघितला होतास ना. मग मी कशाला बघू? तीन वर्षं मी या हाताला शिव्या दिल्या. चमचा धरताना बघायचो, सही करताना बघायचो. आणि तू समोर बसून म्हणायचीस, मनाला लावून घेऊ नकोस.”

“मला माहीत नव्हतं, दादा.”

“माहीत नव्हतं, कारण तूही परत उघडला नाहीस.”

धाकटी रडली. दादानं तिला रडू दिलं, जवळ आला नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. खोक्यातली मासिकं त्यानं एकेक करून पुन्हा बाहेर काढली आणि कपाटात कशीतरी कोंबली. मग चपला पायात सरकवल्या.

“ऊठ. त्याच्या बायकोकडे जायचंय.”

“आज?”

“मग काय मुहूर्त काढू? माझा टाका सुटला असं मी त्या बाईला सांगितलं होतं, तिच्या दारात उभं राहून. ते खोटं निघालं. आधी ते दुरुस्त करू. सोमवारचं सोमवारी बघू.”

पेंटरचं दुकान आता त्याची बायको चालवत होती. पाट्या रंगवायचं काम तिला येत नव्हतं, म्हणून तिनं गाड्यांच्या नंबरप्लेटा आणि काचेवर चिकटवायची अक्षरं करायला घेतली होती. रविवार असला तरी दुकान उघडं होतं. बाई टेबलाशी बसून चिमट्यानं अक्षरांच्या मधलं नको असलेलं प्लास्टिक सोलून काढत होत्या. पन्नाशीच्या, डोळ्यांखाली काळं, बोटं मात्र झपाझप चालणारी. दादाला बघून त्या उठल्या. दोन स्टुलं पुढे केली. सर्जन आपल्या दारात पुन्हा का आला, हे त्यांनी विचारलं नाही.

दादानं ओळख करून दिली. “ही माझी बहीण. स्कॅन हिनं बघितला होता. हिला काही सांगायचंय.”

आणि धाकटीनं सांगितलं. कडं म्हणजे काय, ते स्कॅनमध्ये दिसत होतं, आपण लिहिलं नाही, म्हणून त्याचं मागचं तोंड शिवायचं राहिलं. मग फोनचंही सांगितलं. वीस पावलं, दोन मिनिटं, सगळं. शिव्या खायची तिनं तयारी केली होती. बाई ओरडतील, रडतील, पोलिसांकडे जाईन म्हणतील. त्यांना तो हक्क होता.

बाई चिमटा हातात धरून ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, “म्हणजे ते तोंड ऑपरेशनच्या दिवशीच उघडं राहिलं?”

“हो.”

“त्याच दिवशी? नंतर नाही सुटलं?”

“नाही. पहिल्या दिवसापासून उघडंच होतं. पाचव्या दिवशी ताप आला म्हणून तेव्हा कळलं.”

“चौथ्या दिवशी काही झालं असेल, आणि त्यानं...” बाईंनी दादाकडे बघितलं. “तोंडानं काही द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं तुम्ही. ओठ फुटले होते हो त्यांचे. माझ्याकडे बघून सारखे म्हणत होते, थेंबभर दे, थेंबभर दे. नर्स बाहेर गेली तेव्हा मी तीन चमचे पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी ताप. तुम्ही म्हणालात टाका सुटला. मी म्हटलं, सुटला तो का सुटला ते मला माहीत आहे.”

दादा स्टुलावरून पुढे सरकला. “पाण्यानं टाका सुटत नाही, बाई. तीन चमचेच काय, तांब्याभर दिलं असतंत तरी नसतं काही झालं.”

“खरं सांगताय? माझ्या समाधानासाठी नाही?”

“दादाचं खरं आहे,” धाकटी म्हणाली. “पाणी नव्हे. मी. मी बघितलं नाही म्हणून.”

बाईंनी चिमटा खाली ठेवला. तळहातांनी तोंड झाकून घेतलं आणि खांदे हलू लागले. धाकटीला उठून त्यांच्याजवळ जावंसं वाटलं, पण तो अधिकार आपला नाही हे तिला कळत होतं. रस्त्यावरून एक गिऱ्हाईक डोकावलं आणि तसंच मागे फिरलं. बऱ्याच वेळानं बाईंनी कोपरानं डोळे पुसले.

“तुम्हाला हे कधी कळलं, मॅडम?”

“मंगळवारी.”

“आज रविवार आहे.”

“हो. मी भ्याले.”

बाईंनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर धाकटीला सोपं गेलं असतं.

“भीती मला कळते,” त्या म्हणाल्या. “मी पण तीन वर्षं कुणाला सांगितलं नाही. पण तुम्ही मंगळवारी आला असतात ना, तर पाच रात्री झोपले असते मी.”